आजची थाप कोणती?

घुबड जागेवर नव्हतं.

जिन्याच्या कठड्याचा पहिला लाकडी खांब होता तसाच उभा होता, पण त्याच्या डोक्यावर बसणारं मुठीएवढं पितळी घुबड गायब. उरला होता फक्त एक जुना स्क्रू, वर तोंड करून.

मास्तरांचा हात हवेतच राहिला. रोज ते इथे येऊन घुबडाकडे बोट दाखवत आणि म्हणत, "हे या घरातलं सगळ्यात जुनं माणूस!" आज बोट दाखवायला काही नव्हतं. लोकांना वाटलं, हाही गमतीचाच भाग असेल. कुणीतरी हसलंसुद्धा.

गर्दीच्या शेवटी उभी असलेली सूनबाई मात्र हसली नाही. सासऱ्यांचा चेहरा कसा खर्रकन उतरला, ते तिला तिथूनही दिसलं.

मास्तर या जुन्या वस्तीतले गाईड. चौकातून निघायचं, गल्ल्या, कमानी, जुन्या कारागिरांची घरं दाखवत कारंज्याशी थांबायचं, ही त्यांची फेरी. मास्तर पुढे, सून शेपटाला. वस्तीत सगळे तिला सूनबाईच म्हणत. आणि मास्तरांचा एक खेळ ठरलेला. फेरीत सगळं खरं सांगायचं, पण कुठेतरी एक थाप मारायची. रोज नवी. शेवटी कारंज्याशी विचारायचं, "बोला, आजची थाप कोणती?" कुणी ओळखली तर टाळ्या, नाही ओळखली तर मास्तर स्वतःच सांगून टाकत. खोटं पदरात घालून कुणाला घरी पाठवायचं नाही, हा त्यांचा नियम.

आजही चौकात त्यांनी सूनबाईची ओळख करून दिली होती. "ही माझी सून. अगदी गरीब गाय. बिचारीच्या तोंडातून शब्द फुटत नाही." सूनबाईने मान खाली घालून हसू दाबलं होतं.

आता हसू कुठल्या कुठे पळालं.

"काय झालं? एवढे गप्प का?" वरून आवाज आला. घराच्या मालकीणबाई कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. त्यांची नजर खांबावर गेली आणि त्या मध्येच थांबल्या.

"मास्तर, घुबड कुठंय?"

"बाई, मी आत्ताच दार उघडलं. तेव्हापासून..."

"काल सकाळी मी स्वतः पुसलं होतं. तुम्ही लोकांना घेऊन आलात तेव्हा होतं ना?"

"होतं. लोकांनी फोटो काढले."

"त्यानंतर मी खाली उतरलेच नाही. गुडघे ऐकत नाहीत माझे. दार फोडलेलं नाही, खिडक्यांना गज आहेत. बाहेरून आत यायचं तर किल्ली लागते, आणि किल्ल्या दोनच. एक माझ्या गळ्यात आहे." त्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी खिशातून दुसरी किल्ली काढली आणि मुकाट्याने त्यांच्या हातावर ठेवली.

"मावशी, मी कधीचा सांगतोय!" दारातून भाचा आत आला. परगावाहून नुकताच परतला होता, प्रवासाची बॅग अजून हातातच होती. "रोज नाही नाही ती माणसं घरात घेतेस. विकून टाक हे घर आणि मोकळी हो!"

"तू गप्प बस," मालकीणबाई म्हणाल्या. मग मास्तरांकडे वळल्या. "इतकी वर्षं विश्वास ठेवला तुमच्यावर. तुमची फेरी कारंज्याशी संपायची वेळ होईल, तोवर थांबते मी. घुबड आलं तर ठीक. नाहीतर पोलिसांना फोन करते. आणि मग गळ्यातला तो गाईडचा बिल्लाही उतरवायचा."

बिल्ला गेला की मास्तर कोण? घरात बसून भिंतीकडे बघणारा एक म्हातारा. सासूबाई गेल्या तेव्हा ते तसेच बसून असत, आणि सूनबाईनेच त्यांना ओढून परत रस्त्यावर आणलं होतं. तो भिंतीकडे बघणारा चेहरा तिला पुन्हा बघायचा नव्हता. काही झालं तरी नव्हता.

 तिने मास्तरांची कापडी पिशवी काढून घेऊन स्वतःच्या खांद्याला अडकवली, लोकांना बाहेरच्या पायऱ्यांवर बसायची विनंती केली आणि ती स्क्रूपाशी वाकली. आटे जुने, जागोजागी हिरवे पडलेले. इतक्या वर्षांचं बसलेलं घुबड एका झटक्यात निघणार नाही. पिळून पिळून काढावं लागलं असणार. म्हणजे गर्दीत कुणी हात मारला असं नव्हे. चोराला इथे एकट्याने वेळ मिळाला होता.

ती विचार करत बाहेर आली. समोरच्या फुटपाथवर माइकवाला आपली गर्दी घेऊन उभा होता.

हा वस्तीतला नवा गाईड. कानाला माइक आणि खांद्याला पट्ट्याने लटकवलेला डब्याएवढा भोंगा. त्यालाही हे घर आपल्या फेरीत हवं होतं. दोनदा विचारायला आला तेव्हा मालकीणबाईंनी त्याला उभ्या उभ्या घालवलं होतं. "त्या कर्ण्यासकट माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही!"

आज त्या कर्ण्याचा आवाजही घसा बसल्यासारखा, कोंडलेला येत होता.

"आत जिन्यावर एक पितळी घुबड आहे," तो सांगत होता. "घर बांधणारा वास्तुकार त्याला मुनीमजी म्हणायचा. घरी यायला उशीर झाला की टोपी काढून म्हणायचा, 'मुनीमजी, माझ्या नावावर उशीर मांडा!'"

लोक हसले. "जरा मोठ्याने बोला हो, नीट ऐकू येत नाही," मागून एकजण ओरडला.

"बॅटरी उतरलीय," म्हणत त्याने भोंग्यावर थाप मारली. मग मास्तरांना बघून तो रस्ता ओलांडून आला. "मास्तर, चेहरा का असा? आणि वहिनी, तुम्ही कशाला ओझं वाहताय? द्या ती पिशवी इकडे."

"राहू द्या. हलकीच आहे," सूनबाई म्हणाली.

मुनीमजी. छान आहे की, तिच्या मनात आलं. या घराबद्दल मिळेल ते सगळं तिने वाचलं होतं, पण ही गोष्ट कधी कानावर आली नव्हती. याला कुठून मिळाली कोण जाणे.

मास्तर पायरीवर बसले होते. ती त्यांच्याशेजारी टेकली. काल नेमकी ती आली नव्हती. दाढ दुखत होती म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेली होती, आणि शेपटाला कुणीच नव्हतं.

"बाबा, काल इथून सगळ्यात शेवटी बाहेर कोण पडलं?"

"मी पुढे असतो पोरी. मला काय दिसणार?"

"आठवा. दार कुणी लावलं?"

"एकजण अगदी मागे होता. तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी, सारखा खोकत होता. मीच त्याला म्हटलं, बाबा रे, जरा लांब राहा आणि निघताना दार ओढून घे. मग दार लागल्याचा खट आवाज आला."

"तुम्ही वळून पाहिलंत?"

"नाही. आवाज आला म्हणजे लागलं. पाहायचं काय त्यात?"

"पुढे गल्लीत तो खोकत होता?"

 "नाही गं. तो खोकला मी पुन्हा ऐकलाच नाही."

"कारंज्याशी होता?"

"नव्हता. गेला असेल मधूनच. जातात लोक."

सूनबाई उठली आणि दारापाशी गेली. दाराला लॅच होतं. बाहेरून किल्ली लागायची, पण आतून नुसती खिटी फिरवली की उघडायचं, आणि बाहेर पडून ओढलं की आपोआप लागायचं. तिने आत राहून दार लोटून पाहिलं.

खट.

अगदी तोच आवाज. दार बाहेरून ओढलं की आतून लोटलं, हे कानाला कळायला मार्ग नव्हता.

जिन्याखाली माणूस सहज मावेल असा अंधारा कोपरा होता. चोर बाहेरून आत आलाच नव्हता. तो आतून बाहेर गेला होता!

पण होता कोण? भाचा? घर विकायला टपलाय, आणि मावशीचं मन या फेऱ्यांवरून उडालं तर त्याला हवंच आहे. पण तो परगावी होता की तोंडाला मास्क लावून इथेच? ती वर बघत मालकीणबाईंना विचारणार होती, इतक्यात दुसराच प्रश्न तोंडातून निघाला.

"बाई, या घुबडाला घरात मुनीमजी म्हणतात का हो?"

"मुनीमजी? छे! आम्ही घुबडच म्हणतो. माझ्या आजोबांनी वास्तुकाराकडूनच घर घेतलं, त्यांच्याही तोंडून कधी ऐकलं नाही. कुणी काढलं हे?"

 सूनबाई धावतच बाहेर गेली.

"बाबा, कालची थाप कोणती होती?"

"आता थापांचं काय घेऊन बसलीस?"

"सांगा ना!"

मास्तरांनी सांगितली. तिने ऐकली, डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिला नीट श्वास घेता आला.

"माइकवाले भाऊ!" तिने हाक मारली. "जरा आत या. मदत हवीय."

तो लगबगीने आला. त्याची गर्दी, मास्तरांची गर्दी, सगळे दारात जमले. घुबड चोरीला गेल्याचं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "अरेरे! पण मालकीणबाई, यात अवघड काय आहे? सरळ झडती घ्या. मी तिऱ्हाईत माणूस, मीच बघतो. आधी मास्तरांची पिशवी, म्हणजे त्यांच्यावरचा आळ तरी जाईल. आणा वहिनी."

एक हात त्याने पुढे केला. दुसरा भोंग्याच्या मागच्या झाकणावर होता.

"पिशवी देते. आधी एक सांगा," सूनबाई म्हणाली. "मुनीमजीची गोष्ट तुम्हाला कुठे मिळाली?"

"ती? जुनी गोष्ट आहे. जुन्या पुस्तकात वाचली."

"बरं. नक्की वाचलीत? कुणाकडून ऐकली नाही?"

"वाचली म्हणतो ना!"

"मग त्या पुस्तकाला माझा नमस्कार. कारण ही गोष्ट काल जन्माला आली. बाबांनी इथेच, या पायरीशी उभं राहून मारलेली थाप आहे ती."

माइकवाल्याचं हसू ओठांवरच राहिलं. "म्हणजे मग... कुणीतरी सांगितली असेल. काल इथे आलेल्यांपैकी कुणीतरी."

"त्यांनी सांगितली असती तर थाप म्हणूनच सांगितली असती. तुम्ही नवे, आमचा खेळ तुम्हाला ठाऊक नाही; कारंज्याशी बाबा सगळं उघड करतात, खरी गंमत तीच असते. काल कारंज्याशी पोचलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की मुनीमजी वगैरे कुणी नव्हता. ती गोष्ट खरी धरून चालला असा माणूस एकच. जो जिन्याशी होता आणि कारंज्याशी नव्हता."

तिने जिन्याखालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"मास्क लावून, खोकत खोकत तुम्ही शेपटाला राहिलात. नेमकी काल मी नव्हते. बाबांनी दार ओढून घ्यायला सांगितलं, ते तुम्ही आतून लोटलंत. जिन्याखाली बसलात, शांतपणे घुबड पिळून काढलंत आणि खिटी फिरवून निघून गेलात. चोरीचा आळ किल्लीवाल्यावर येणार, मास्तर बाद होणार, आणि घराचं दार तुमच्यासाठी उघडणार. पण गाईडची जात ना तुमची! चांगली गोष्ट कानावर पडली आणि जीभ आवरता आली नाही. घुबड लपवलंत, गोष्ट मात्र लगेच बाजारात आणलीत."

"हे... हे सगळं हवेतलं आहे! घुबड आहे का माझ्याकडे?"

"मघापासून तुम्ही ही पिशवी मागताय. मी ती खांद्यावरून उतरवलीच नाही, नाहीतर एव्हाना घुबड तिच्यातच सापडलं असतं. म्हणून अजून ते तुमच्याजवळच असणार. बॅटरी उतरली की आवाज बारीक होतो हो. कोंडल्यासारखा नाही होत. कुणीतरी तो भोंगा उघडा बघू!"

माइकवाला वळला, पण दारात भाचा आडवा उभा होता. हातातली बॅग त्याने धाडकन खाली टाकली, भोंगा पट्ट्यासकट ओढला आणि मागचं झाकण उघडलं. आत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी कोंबलेलं होतं. फडकं सुटलं आणि पितळी डोळे चमकले.

"मावशी," भाचा म्हणाला, "घर विकायचं ते नंतर बघू. आधी पोलिसांना फोन मी करतो."

मालकीणबाईंनी घुबड हातात घेतलं, पदराने पुसलं. मग दुसरी किल्ली मास्तरांपुढे धरली.  "चुकले मी. घ्या."

मास्तरांनी किल्ली घेतली. पण चेहऱ्यावर रंग काही परतला नाही.

राहिलेली फेरी त्यांनी पुरी केली, पण यंत्रासारखी. कमान दाखवली, कारागिरांची गल्ली दाखवली आणि कारंज्याशी येऊन उभे राहिले.  हात गळ्यातल्या बिल्ल्याशी चाळा करत होता.

"बाबा, विचारा ना," सूनबाई म्हणाली.

"नको पोरी. एवढ्या वर्षांत त्या बाईंनी माझ्याकडे तशा नजरेने कधी बघितलं नव्हतं. आता नाही जमायचं. उद्यापासून फेरी तूच ने."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. "आणि तुम्ही भिंत बघत बसणार? त्या भामट्याला पकडलं ते तुमच्या थापेनंच! थाप नसती तर आज मी काय केलं असतं, सांगा! आणि नियम तुमचाच आहे. खोटं पदरात घालून कुणाला घरी पाठवायचं नाही. ही माणसं थांबलीत. विचारा म्हणते ना, विचारा!"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग लोकांकडे. घसा खाकरला.

"बोला मंडळी, आजची थाप कोणती?"

सगळी गर्दी एका सुरात ओरडली, "गरीब गाय!"

सूनबाई लाजून लाल झाली. मास्तर हसले. आधी हळूच, मग पोट धरून, आणि हसता हसता डोळे पुसत त्यांनी बिल्ला सरळ केला.