जळालेल्या हाताचा पंजा

पूर्वेस तांबडे फुटले आणि पिंपळकडा हा दुर्गम गड धुक्यातून हळूहळू वर आला. परंतु चार महिन्यांच्या वेढ्याने त्याची रया अशी काही गेली होती की, उगवत्या उन्हाने त्याला न उजळावे तेच बरे, असे पाहणाऱ्यास वाटावे. कड्याखाली मेलेल्या घोड्यांवर गिधाडे बसली होती, कुजका वास वाऱ्याबरोबर छावणीत शिरत होता, आणि त्या घाणीतच निरगुडकरांच्या दौलतीचे कारभारी तिमाजी विसाजी डेऱ्यापुढे लोडाला टेकून सकाळचा विडा चघळीत होते.

त्यांच्यासमोर दौलतीचे वकील गोमाजी अनंत उभे होते. तीन दिवसांपूर्वी हेच पंत नि:शस्त्र गडावर गेले होते, रायाजीराजे निरगुडकरांचा कौल घेऊन. किल्लेदार सिदोजी पाचर्णे यांनी गड खाली करून द्यावा, आणि त्यांच्या एकशेचाळीस माणसांस बायकामुलांसह सुखरूप जाऊ द्यावे, असा तो कौल. अक्षर पंतांचे, खाली राजांनी केशरगंधात बुडवून उमटवलेला उजव्या हाताचा पंजा. पंजा उमटला की शब्दाची हद्द झाली, त्यापुढे शपथ नाही. सिदोजींनी कागद मस्तकी लावला आणि तीन दिवसांनी सूर्योदयी उतरण्याचे कबूल केले. दुसऱ्याच दिवशी राजे पटकीने वारले. गादीवर आलेले धाकटे बंधू दूर राजधानीत होते, आणि छावणीत सत्ता एकट्या तिमाजींची होती.

"पंत, तोफा दरवाजाच्या उतारावर रोखल्या आहेत," तिमाजी म्हणाले. "मंडळी उतरली की बत्ती. सिदोजी आज सुटला तर पुढल्या साली दुसऱ्या गडावर भेटेल. साप अर्धवट ठेचू नये."

"आणि राजांचा कौल?"

तिमाजींनी पिंक टाकली. "ज्या हाताचा पंजा, तो हात परवा चितेवर जळाला. मेलेल्याचा शब्द मेलेल्याबरोबर गेला. आपण जाणते, आम्ही काय सांगावे?"

 वीस वर्षे परक्या दरबारांत पंत ताठ मानेने बसले होते, ते एकाच भरवशावर की, आपल्या पाठीशी एक राज्य आहे, नुसता एक माणूस नाही. राजे येतील, जातील, पण राज्य जे बोलले ते राज्याने निभावायचे. एवढेही नसेल तर वकील आणि भाट यांत फरक तो काय? आणि ज्याला याची काडीची चाड नाही, तो मनुष्य आज त्याच दौलतीच्या नावाने ओठ लाल करून हसत होता. अशा माणसाची किळस येते ती येतेच. ती विद्येने जात नाही, वयानेही जात नाही.

"मी गडावर जातो," ते म्हणाले. "मी गेल्याखेरीज ते दरवाजा उघडायचे नाहीत."

"जा की. घेऊन या सर्वांना. फक्त वेळेवर बाजूला व्हायला विसरू नका म्हणजे झाले."

गडावर पोहोचताच पंतांनी सिदोजींना एकीकडे घेतले आणि काहीएक न लपवता सारे सांगितले. किल्लेदारांनी पाण्याच्या टाक्याकडे बोट दाखवले.

"टाक्यात आता चिखल उरलाय, पंत," ते म्हणाले. "पोरं चिखल चोखत्यात. उतरलो तर तोफ, राहिलो तर तहान. आता तुम्हीच सांगा."

"उतरा. पण माझ्या मागून, पन्नास पावलं सोडून."

"तुम्हांला उडवतील."

"उडवतीलही. पण बत्ती तिमाजीच्या हाती नाही, जमालखान गोलंदाजाच्या हाती आहे. तो ऐकून तरी घेईल."

दरवाजा करकरला. पंत एकटेच पुढे निघाले. दोन्ही हातांनी कौल डोक्यावर धरलेला, केशरी पंजा सर्वांना दिसेल असा.  थेट तोफेच्या तोंडासमोर येऊन उभे राहिले तेव्हा मागचा उतार माणसांनी भरला होता.

"पंत, बाजूला व्हा!" तिमाजी ओरडले. "जमाल, बत्ती दे!"

"जमालखान, आधी एक ऐका!" पंतांचा आवाज साऱ्या मोर्चावर गेला. "कारभारी म्हणतात, राजांचा हात जळाला, सबब राजांचा कौल मेला. बरे तर! तिमाजीपंत, कारभाराची वस्त्रे आपणांस कोणी दिली? त्याच हाताने! नव्या महाराजांची वस्त्रे अजून यायची आहेत. पंजा मेला असेल तर आपला कारभारही मेला. मग हुकूम देणारे आपण कोण? आणि आपला हुकूम जिता असेल, तर हा कौलही जिता आहे. जळाला तो हात. राज्य जळाले नाही!"

 जमालखानाने एकदा कारभाऱ्यांकडे पाहिले, एकदा पंजाकडे, आणि पेटती बत्ती पायाखालच्या मातीत खुपसली. शेजारच्या गोलंदाजांनीही तेच केले.

एकशेचाळीस माणसे, बायकामुले, खाली मान घालून तोफांमधून निघून गेली. एक दगडही कोणी मारला नाही.

आता तिमाजी संतापतील, पंतांना बेड्या पडतील, असे सर्वांस वाटले. पण तसली मर्दानगी तरी त्या गृहस्थांत कुठली? वारा फिरलेला दिसताच त्यांनी चेहरा फिरवला, सिदोजींना धावत जाऊन मिठी मारली, साखर वाटली, आणि दुपारी पंतांस बोलावून म्हणाले, "साऱ्या दरबारांना खलिते लिहा. निरगुडकरांच्या दौलतीत शब्द फिरत नाही, तिमाजी विसाजींनी तो प्राणापलीकडे राखला, असे झोकदार लिहा. आपले अक्षर सुरेख आहे."

 कागद त्याच्या तोंडावर फेकावा, असे पंतांना वाटले. मग त्यांनी लेखणी उचलली. तिमाजींची स्तुती त्यांनी मागितली तेवढी, वर दोन पसे जास्तच, लिहिली, आणि शेवटी एक ओळ घातली, "राजा बदलला तरी राज्याचा शब्द बदलत नाही, हा आमच्या दौलतीचा नेम आहे." तिमाजींना ती ओळ फारच आवडली. त्यांनी सात खलित्यांवर सात शिक्के स्वहस्ते मारले.

तीन वर्षांनी तिमाजींनी दुसरा गड वेढला, कौल दिला, आणि किल्लेदाराने दरवाजा उघडण्याआधी आपल्या दरबारी आलेला तो खलिता तटावरून साऱ्या फौजेला ऐकू जाईल असा वाचून दाखवायला लावला. फौजेसमोर स्वतःच्याच शिक्क्याचा कागद निघाल्यावर तिमाजींना दातओठ खात वाट द्यावी लागली. तो किल्लेदार पुढे वकिली सोडून बसलेल्या पंतांना एका बाजारात भेटला आणि भारावून म्हणाला, "पंत, तिमाजीपंतांसारखा वचनाचा धनी आम्ही पाहिला नाही."



"मुलंबाळं सुखरूप आहेत?" पंतांनी विचारले.

"आहेत, देवाच्या दयेनं."

"मग असंच म्हणत राहा," पंत म्हणाले. "चारचौघांत म्हणा, मोठ्यानं म्हणा. त्याच्या कानावर जाऊ द्या."