आपुलकीमापक

नोंद पहिली व दुसरी. वक्ता : यशोधरा तांडेल. स्थळ : मंगळ, तिसरी वसाहत. वाक्ये : 'आपल्या खाडीची कोळंबी' आणि 'आपल्याकडची भरती'. दोन्हींत जागा परकी.

तिसरी व्हायची होती.

भाषा-प्रयोगशाळेत यशोधराबाई ताठ बसल्या होत्या. समोरचं आपुलकीमापक त्यांनीच वीस वर्षांपूर्वी बनवलेलं. वसाहतीत कोण एकटं पडलंय ते शोधायला. माणूस 'आपण' म्हणायचा थांबला, की ते डॉक्टरांना कळवायचं. आता मंगळसभेने त्यावर कायदा उभा केला होता.

"समजावून सांगतो," तपासाधिकारी इंद्रनील वाघधरे म्हणाला. तिशीतला, मंगळावरच जन्मलेला.

"मला?"

"नियम आहे, बाई. 'आमचं' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपलं' म्हटलं की आत येतो. इथे बोलताना परक्या जागेला तीनदा 'आपलं' म्हणणारा मनाने तिथला. त्याचं इथलं नागरिकत्व जातं." त्याने आवाज खाली आणला. "पृथ्वीवरच्या त्या खारवाडीच्या मतदारयादीतून नाव काढा ना. तपासणीच नको."

"मुलगी इथे आहे, गाव तिथे. मी काय अर्धी होऊ?"

त्याने सुस्कारा टाकून यंत्र सुरू केलं.

"आपलं गाव कुठलं?"

"आमचं खारवाडी. खाडीकाठी."

"आपल्या खारवाडीत सध्या काय चाललंय?"

"सोमवारी मतदान. पाणी अंगणात येतंय. बंधारा बांधायचा, की गाव टेकडीवर न्यायचं. आम्ही बंधाऱ्याच्या बाजूचे. भाऊ म्हणतो, 'यशे, मंगळावर बसून खाडीत नाक खुपसतेस, पण खुपस. एकेक मत हवंय.'"

इंद्रनील हसला. "आणि आपलं तिथलं घर?"

"पाण्याला लागून. पहिलंच."

घंटा वाजली.

बाईंनी मनात सगळी उत्तरं पुन्हा चाळली. 'आमचं'च म्हणाले ना मी? मुलीला काय सांगायचं? त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

नोंद पहिली, दुसरी व तिसरी : 'आपलं गाव', 'आपल्या खारवाडीत', 'आपलं तिथलं घर'. वक्ता : इंद्रनील वाघधरे. मनाने : खारवाडीचा.

"मी?" तो ओरडला. "अहो, आपलं म्हणजे तुमचं! शिष्टाचार पुस्तिकेत आहे, पृथ्वीवरून आलेल्या ज्येष्ठांना आदराने 'आपण' म्हणावं."

"यंत्र बोलणं शिकलं तेव्हा इथे असला आदर कोण करत होतं? सगळे नुसते अरे-तुरे." बाईंना हसू आवरेना. "त्याने ते 'आपण' कधी ऐकलंच नाही. मासळी खाता ना, खारवाडीकर?"

"बाई, माझं नागरिकत्व जाईल!"

"मग लिहा, यंत्राला 'आपण' कळत नाही."

"म्हणजे तुमच्याही नोंदी रद्द. सगळ्यांच्याच."

"हो."

त्याने कोरा अहवाल पुढे ओढला. मग लिहिलं, सही केली. बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या.

"आपल्या बंधाऱ्याला मतं पुरतील ना?" त्याने विचारलं.

यंत्राने घंटा वाजवली. त्याची चौथी नोंद, आधीच्या तिन्हींसारखीच.

बाई वळल्या. "हे पुस्तिकेतलं, की...?"

इंद्रनीलने हात पुढे करून यंत्र बंद केलं.

"पुरतील ना?"