पाण्यावर ओरडायचं नाही

"आत जा ना, मेल्या!" मी पुटपुटले, आणि तंबूची खुंटी पुन्हा वाकडी झाली.

"मेल्या कोणाला म्हणालात?"

मी दचकून वर बघितलं. तळ्यात, काठापासून चांगला लांब, एक उंच मुलगा पॅडल बोर्डवर उभा होता. हातात लांब दांड्याचं वल्हं, उन्हाने रापलेले खांदे... आणि सरळ माझ्याकडे बघून हसत होता.

"खुंटीला!" मी ओरडले.

"बरं झालं. मला वाटलं, आल्या आल्या ओळख पटली."

हसू आलंच मला. पण मनात थक्क झाले होते. एवढ्या लांबून, वाऱ्यात, माझं पुटपुटणं ऐकू आलं याला? काय कान आहेत! माझा धंदाच कानांचा. दवाखान्यात मी लोकांचं ऐकणं तपासते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीक शिट्टी ऐकू आली की त्याने बटण दाबायचं. दिवसभर बिघडलेले कान बघून विटलेल्या मला असे कान दिसले की जीव हरखतो. आता हे गमतीत सांगतेय, पण पुढे गंमत फार नाही.

मी दादा-वहिनीबरोबर आले होते. उन्हाळ्याची सुट्टी, तळ्याकाठी तंबू, आणि वहिनीचा हट्ट की ठमीला जरा बाहेर काढू या, नाहीतर ती त्या बंद खोलीतच म्हातारी होईल. ठमी म्हणजे मी. वहिनीला मी निघतानाच बजावलं होतं, माझी नोकरी कोणाला सांगायची नाही. सांगितलं की प्रत्येक शहाणा कानामागे हात धरून म्हणतो, "काय? ऐकू नाही आलं!" आणि स्वतःच हसतो. दहा वर्षं तोच विनोद!

शिबिर एका मावशीचं होतं. जाडजूड, करड्या आवाजाची, कायम किटलीपाशी. बोर्डवरचा तो मुलगा तिचा भाचा, लहानपणापासून तिनेच वाढवलेला. ती त्याला बाळ्या म्हणायची, बाकी सगळे मास्तर. मास्तरांचा एक नियम होता, आणि त्या नियमावर पाहुणे खूश असत: पाण्यावर ओरडायचं नाही. काही लागलं तर वल्हं उभं वर धरायचं.

"इथे शांतता ऐकायला यायचं," तो सांगायचा.

"किती छान विचार आहे ना?" वहिनी म्हणाली.

मलाही छानच वाटला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मला शिकवताना तो स्वतःच्या बोर्डवर उलटा बसायचा, माझ्याकडे तोंड करून.

"आधी गुडघ्यांवर. आता एक पाय... दुसरा... नजर समोर. पायांकडे बघितलं की माणूस पडतो."

"समोर तुम्ही आहात."

"मग माझ्याकडे बघा. पडाल तरी, पण कारण तरी बरं असेल."

मी पडलेच. वर आले तेव्हा नाकातोंडात पाणी आणि तो पोट धरून हसत होता.

"काय काम करता तुम्ही?" त्याने विचारलं.

"लोकांना एका खोलीत बसवते आणि बटण दाबायला लावते."

"लिफ्ट चालवता?"

"हो. फक्त ती कुठे जात नाही."

तेव्हापासून मी लिफ्टवाली झाले. दुसऱ्या दिवशी 'तुम्ही' गळून पडलं, कोणी पाडलं ते आठवत नाही. आम्ही दोघंच पहाटेच्या गुळगुळीत पाण्यावर जायचो. तो पुढे, मी मागे, आणि दर चार-पाच वल्ह्यांनंतर तो मान वळवून मागे बघायचा. प्रत्येक वेळी मला वाटायचं, माझ्यासाठीच. बोलताना तर तो माझ्या ओठांवरून नजर काढतच नसे.

"अगं, तो गिळतोय की काय तुला," वहिनी कुजबुजली. "ओठांकडेच बघत असतो सारखा."

"गप ग!"

"मी कशाला गप बसू? तुझ्या दादाने लग्नाआधीसुद्धा माझ्याकडे असं कधी बघितलं नाही."

"मी जेवणाकडे बघत होतो," दादा म्हणाला. त्याचं पोट सांगतच होतं.

संध्याकाळी शेकोटीपाशी मात्र मास्तर अबोल व्हायचा. हसून मान डोलवायचा, आणि उजेड गेला की उठून तंबूत जायचा. लाजाळू आहे, असा आम्ही दोघींनी निकाल दिला. हसून मान डोलवणारी माणसं माझ्या खोलीत रोज येतात, त्यांना मी दारातून आत येतानाच ओळखते. याला ओळखलं नाही. मला ओळखायचंच नव्हतं, मी प्रेमात पडत होते.

पाचव्या दिवशी दुपारी दादाही बोर्डवर आला. लाइफ जॅकेट पोटावर बसेना म्हणून त्याने पट्टे उघडेच ठेवले. वहिनी काठावरच थांबली. मास्तर पुढे, मी मध्ये, दादा शेवटी, बोर्डची दोरी पायाला बांधून. तळ्याच्या वरच्या अंगाला बुडालेली झाडं आहेत. तिकडून वळताना वारा उठला. समोरून लाटा यायला लागल्या आणि मास्तर वाकून वल्हं मारू लागला.

"ए मास्तर!"

दादाचा आवाज. मी वळले. तो पडला होता, आणि त्याच्या पायाची दोरी पाण्याखालच्या फांदीत अडकली होती. जॅकेट वर सरकून तोंडावर आलेलं. एकदा डोकं वर आलं, "मास्तर!", आणि खाली गेलं.

मी नियम मोडला. अशी किंचाळले की झाडांवरचे सगळे पक्षी उडाले. काठावर वहिनी उठून उभी राहिली, मावशी किटली टाकून धावली. आणि तो... माझ्यापासून चार बोर्ड अंतरावर असलेला तो, संथपणे वल्हं मारत पुढे जात राहिला.

मी दादाकडे गेले. हात खाली घालून दोरी ओढली, सुटेना. तिच्यावर दादाचं सगळं वजन होतं. त्याचे केस पाण्यात हलताना दिसत होते आणि मी त्या पाठीकडे बघून ओरडत होते, माझा घसा फाटत होता, आणि ती पाठ वळत नव्हती.

मग वारा क्षणभर पडला. त्याने सवयीने मान वळवली.

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. तो कसा आला, कधी बुडी मारली, काही कळलं नाही. दादाच्या पायाचा पट्टा फाडून त्याने त्याला वर काढलं तेव्हा दादाचे ओठ निळे होते. बोर्डवरच आडवा घालून छाती दाबली, तोंडात श्वास भरला. पुन्हा. पुन्हा. दादाच्या तोंडातून पाणी आलं, आणि मग खोकला. एवढा सुंदर खोकला मी आयुष्यात ऐकला नाही.

दादाला गाडीत घालून इस्पितळात नेलं. वहिनी मास्तरचे दोन्ही हात धरून रडत होती. "तुमच्यामुळे माझा माणूस राहिला हो." तो तिच्या ओठांकडे बघत होता. वहिनीच्या! आणि मला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी दादाचा धोका टळल्यावर मी सामान घ्यायला एकटी परत आले. तो काठावर माझ्याकडे पाठ करून दोऱ्या धूत बसला होता. मी त्याच्यामागे उभी राहिले, आणि रोज दवाखान्यात करते तेच केलं: ओठ दिसू न देता एकेक शब्द म्हणायचा.

"पाणी," मी नेहमीच्या आवाजात म्हटलं. तो हलला नाही. "दार." जरा मोठ्याने. "भाऊ." मग जवळजवळ ओरडून. वारा नव्हता, लाट नव्हती. तो शांतपणे दोरी पिळत होता.

मी पुढे जाऊन समोर बसले.

"लिफ्टवाली! दादा कसा आहे?"

"वाचला. केव्हापासून ऐकू येत नाही तुला?"

हातातली दोरी पाण्यात पडली.

"काहीतरीच."

"मी लिफ्ट चालवत नाही रे. मी कान तपासते."

त्याने पाण्यातली दोरी उचलली आणि म्हणाला, "चार वर्षं झाली. आधी पक्ष्यांचं गेलं, मग मावशीचं, मग... जाड आवाज अजून येतात थोडे."

"मावशीला माहीत आहे?"

"नाही. सांगू नकोस."

"काल दादा—"

"मी वाचवला त्याला!"

"वाचवलास. आणि त्याच्या आधी? मी ओरडत होते तेव्हा? तू वळला नसतास तर?"

"मी वळतोच. दर चार वल्ह्यांनी. मोजून. काल वाऱ्यात तेवढं चुकलं."

म्हणजे ते मागे बघणंही माझं नव्हतं. मला एवढा राग आला, आणि एवढं रडू, की आधी काय करू तेच सुचेना.

"तुला एक सांगू?" तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवशी ओठ वाचायलाच बघत होतो. दुसऱ्या दिवसापासून... वाचायचं राहूनच जायचं. तू काय बोललीस ते निम्मं कळलंच नाही मला. विचारायची लाज वाटायची."

जीव अस्सा पिळवटला म्हणून सांगू! आयुष्यात कोणी मला इतकं गोड बोललं नव्हतं, आणि ते नेमकं आत्ता बोलत होता.

"मावशीला आज सांग," मी म्हटलं. "कानाचं मशीन मिळेल, मी लावून देईन. पाण्यात, वाऱ्यात त्याचा भरवसा नाही, म्हणून बरोबर दुसरा माणूस घे, ऐकणारा. तुला पाणी सोड म्हणत नाहीये मी."

"पाळत ठेवायला माणूस? लोक म्हणतील, मास्तर बहिरा झाला. मग मावशी मला किटलीपाशी बसवेल."

"उद्या कोण येणार आहे?"

त्याने दोरी गुंडाळायला घेतली, पण नजर माझ्या ओठांवरच. कळलं नव्हतं असं नाही.

"उद्या कोण येणार आहे?"

"शाळेच्या मुली," तो म्हणाला. "त्यांना वल्हं वर धरायला शिकवीन. नीट शिकवीन."

"दादाने काय वर धरायचं होतं? तो पाण्याखाली होता!"

त्याने माझा हात धरला. ओला, दोरीने कापलेला हात. "तू सांगणार नाहीस. हो ना?"

"तू सांग. उद्या मुली यायच्या आत. नाहीतर मी सांगेन."

त्या रात्री मी तिथेच राहिले. सकाळी बस आली. नारिंगी जॅकेटं घातलेल्या मुली खिदळत काठावर रांगेत उभ्या राहिल्या, आणि त्याने एकेक बोर्ड पाण्यात सोडायला सुरुवात केली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी वाट बघितली. पहिली मुलगी बोर्डवर गुडघे टेकून बसली तेव्हा मी मावशीकडे गेले.

सगळं ऐकून मावशीने किटली खाली ठेवली. "मला वाटायचं, हट्टी झालाय," ती म्हणाली. "हाक मारली की येत नाही. मी बोलणंच कमी केलं ग त्याच्याशी."

ती काठावर गेली. तो पाठमोरा वाकलेला होता, हाताच्या अंतरावर.

"बाळ्या," ती म्हणाली. मग ओरडली, "बाळ्या!"

सगळ्या मुली वळल्या. त्यांच्या बाई वळल्या. तो बोर्डची दोरी तपासत राहिला. मावशीने पदराने तोंड दाबलं, आणि मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या हातातलं वल्हं काढून घेतलं. त्याने मावशीचा चेहरा बघितला, रांगेतल्या चेहऱ्यांकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. असं कोणी माझ्याकडे बघू नये पुन्हा कधी.

मुलींना बाईंनी पाण्यातून बाहेर घेतलं. इस्पितळातून दादा-वहिनी मला न्यायला आले होते, गाडी झाडाखाली उभी होती. दादा अजून खोकत होता. मला तशीच निघता येईना. मी मास्तरसमोर जाऊन उभी राहिले. पेशंटच्या घरच्यांना मी सांगते ना, समोर उभं राहा, उजेडात, सावकाश बोला. तशीच.

मी तोंड उघडलं, आणि त्याने डोळे मिटून घेतले.

तरी मी बोलले. "मला तू आवडतोस. फार आवडतोस. तुझा जीव गेला असता तरी मी हेच केलं असतं, आणि रडून मेले असते." मोठ्याने बोलले. रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं, बाईंनी दटावलं. मावशीने ऐकलं. गाडीच्या उघड्या खिडकीतून दादाने ऐकलं, वहिनीने ऐकलं आणि मान फिरवली.

तो डोळे घट्ट मिटून उभा होता. गालावरून पाणी ओघळत होतं. हाताला हात लावला असता तर कदाचित उघडले असते त्याने डोळे. मी लावला नाही. सगळं तर मी काढूनच घेतलं होतं, एवढं तरी त्याच्या मर्जीवर राहू द्यावं.

मी जाऊन गाडीत बसले, आणि वहिनीने काच वर केली.