पूरणदर्शकाची परीक्षा

सोलापूरच्या नेत्रविज्ञान प्रयोगशाळेत टाळ्या वाजत होत्या आणि प्रत्येक टाळीसरशी डॉ. भार्गव उपासनींच्या पोटात दुखत होतं. कारण त्या टाळ्या होत्या डॉ. हिमानी कदमसाठी, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मुलीसाठी! काचबिंदू शोधायला देशभर वापरली जाणारी ‘उपासनी तपासणी’ बंद करून तिचं नवं यंत्र, पूरणदर्शक, आणावं का, हे ठरवायला समिती जमली होती. म्हणजे उपासनींचं नावच पुसलं जाणार, आणि ते त्यांनी हसतमुखाने बघायचं.

"काचबिंदूत डोळ्याची नस हळूहळू मरत जाते," हिमानी सांगत होती. "पण रुग्णाला तिथे काळं दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं बघून ते भोक बुजवतो, कपड्याला रफू करावं तसं. पूरणदर्शक मेंदूतलं फक्त हे रफू टिपतो आणि या पडद्यावर दाखवतो."

"आणि निरोगी माणसात?" अध्यक्षांनी विचारलं.

"प्रत्येक डोळ्यात जन्मतः एक छोटा अंधबिंदू असतो, तो आम्ही वगळलाय. बाकी पडदा कोरा."

उपासनी ताडकन उठले. "मग मला बसव."

यंत्राला खोटं पाडायची अशी संधी पुन्हा कुठली? ते दरवर्षी स्वतःची तपासणी करत, डोळ्यातला दाबही कायम नॉर्मल. त्यांच्याइतका निरोगी डोळा शोधून सापडला नसता.

डाव्या डोळ्यावर पट्टी लावून ते यंत्रापुढे बसले. पडद्यावर समोरच्या भिंतीचा फिकट हिरवा रंग उमटला. वरच्या बाजूला, चांगला ऐसपैस.

"बघा!" उपासनींना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "धडधाकट डोळ्यात रफू! असल्या खेळण्यावर देशाचे डोळे सोपवणार?"

हिमानीचा चेहरा उतरला. ते बघून त्यांना इतकं बरं वाटलं, की त्याची लाजसुद्धा वाटली नाही.

"सर," ती हळूच म्हणाली, "दाब नॉर्मल असूनही काचबिंदू होतो, हे तुम्हीच शिकवलंत."

"माझी तपासणी दरवर्षी स्वच्छ येते."

"दिवा दिसला की बटण दाबायचं, हीच ना ती? पण कुठला दिवा कधी लागणार, तो क्रम तुम्हीच बसवलाय. तुमचा अंगठा सवयीने दाबत असेल. गेलेली नस परत येत नाही सर, पण उरलेली वाचवता येते. एकदा क्रम बदलून बघू?"

उपासनींच्या अंगाचा तिळपापड झाला. यंत्र तर यंत्र, आता ही आपल्या तपासणीलाही नावं ठेवणार! "बघच. या सगळ्यांसमोर बघ."

पट्टी तशीच ठेवून त्यांनी आपल्या जुन्या यंत्रावर हनुवटी टेकवली, मधल्या ठिपक्यावर नजर रोखली, अंगठा बटणावर ठेवला. हिमानीने क्रम बदलला आणि सुरुवात त्या हिरव्या भागापासून केली.

उपासनी वाट बघत राहिले. पोरगी मुद्दाम वेळ काढतेय, त्यांना वाटलं. चारचौघांत आपली शोभा करायचीय हिला.

"अगं, लाव ना दिवे आता!" ते खेकसले.

हिमानी त्यांच्याजवळ येऊन वाकली.

"लागताहेत, सर."