भरल्या गाडीला वाट

गोष्ट सुरू झाली ती फोनच्या नकाशामुळे. राहू गावी मावशीकडे जायचा सगळ्यात जवळचा रस्ता पाटाकडेने आहे, असं त्याने सांगितलं आणि अनुपमाने मुकाट्याने ऐकलं. तिने नाही ऐकायचं तर कुणी ऐकायचं? यंत्रांना वाट शोधायला शिकवणं हेच तर तिचं काम! पाबळची ही पोरगी कोरेगाव भीमाजवळच्या एका गोदामात इंजिनिअर होती. तिथे आपले आपण फिरून माल वाहणारे दहा रोबोट होते आणि त्यांना वाट दाखवणारा प्रोग्राम तिने आठ महिने खपून लिहिला होता.

रविवारची सकाळ. एका हाताला भरून वाहणारा पाट, दुसऱ्या हाताला उभा ऊस, मधे चिंचोळा रस्ता आणि त्यावर अनुपमाची स्कूटी. अन् समोरून आला उसाने गच्च भरलेला ट्रॅक्टर. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी ऊस असा बाहेर आलेला की शेजारून मांजरसुद्धा गेलं नसतं.

"म्याडम, मागं घ्या," ट्रॅक्टरवरचा तरुण म्हणाला.

"का? मी आधी आलेय."

"आधी-नंतरचं न्हाई. भरल्या गाडीला रिकाम्या गाडीनं वाट द्यायची. आमच्याकडं आज्ज्या-पणज्यापासनं हीच रीत हाय."

"माझी गाडी रिकामी कशावरून?"

"बरं... काय हाय गाडीत?"

"लॅपटॉप. त्यात माझं आठ महिन्यांचं काम आहे."

त्याने मान हलवली, अगदी गंभीरपणे. "म्हंजी जड हाय. पर ऊस जरा जास्त जड हाय."

हसू दाबत, धुसफुसत तिने स्कूटी चाळीस पावलं मागे ढकलली. पाटावरच्या मोरीपाशी रस्ता रुंद झाला होता, तिथे ती थांबली. ट्रॅक्टर शेजारून जाताना त्याने वाकून उसाचं एक कांडं तिच्या पुढ्यात ठेवलं.

"वाट दिल्याबद्दल," तो म्हणाला. आणि डोळ्यांत हसला... नुसता डोळ्यांत.

"तो व्हय! हौसरावांचा सत्यजीत," राहूला पोचल्यावर मावशी, विठाबाई, म्हणाली. "गुऱ्हाळ हाय त्यांचं. पोरगं गुणाचं हाय, पर तू का इचारतीस?"

"सहज," अनुपमा म्हणाली आणि ऊस सोलू लागली.

मंगळवारी गोदामात तमाशा झाला. दोन रोबोट अरुंद गल्लीत समोरासमोर आले. दोघेही थांबले, दोघेही मागे सरले, वाट मोकळी दिसताच दोघेही पुन्हा पुढे आले. पुन्हा थांबले. असं वीस मिनिटं. कामगारांनी त्यांची नावं ढवळ्या-पवळ्या ठेवली आणि एक बिहारी गडी ओरडला, "अरे, कोई तो पहले जाओ भाई!"

तिचे वरिष्ठ रविराज सर मात्र हसले नाहीत. "पुढच्या शनिवारी मोठे साहेब बघायला येतायत. त्यांच्यासमोर हे झालं तर तुझा प्रोग्राम काढून बाहेरचा आणायचा, असं ठरलंय. मी खूप भांडलो तुझ्यासाठी. आता माझं कुणी ऐकणार नाही."

चूक अनुपमाला दिसत होती. सगळ्यांना तिने एकच शिकवलं होतं, जवळची वाट धर आणि अडथळा आला की मागे सर. कुणी कुणाला वाट द्यायची, हे शिकवायचंच राहिलं होतं. आणि मग, कोण जाणे का, तिला ते उसाचं कांडं आठवलं.

रविवारी ती थेट गुऱ्हाळावर गेली. काहिलीत रस उकळत होता, गोड वाफेने हवा जड झाली होती. सत्यजीतने द्रोणात गरम काकवी दिली. तिने पाण्याच्या टाकीवर बसून वही काढली.

"परीक्षा घेताय काय म्याडम?"

"शिकायला आलेय. दोन्ही गाड्या भरलेल्या असल्या तर?"

"मग ज्याच्या मागं मोरी जवळ, त्यो मागं सरतो. पर तशी येळ येऊ द्यायचीच न्हाई. मोरीवर थांबून आधी बघायचं, लांबवर कुणी येतंय का. पार तोंडावर आल्यावर रीत काढून काय उपेग?"

तिची पेन्सिल थांबली. रोबोट तोंडावर आल्यावरच विचार करत होते! गल्लीत शिरण्याआधीच ठरवायला हवं होतं.

"तुमची यंत्रं लई शिकलेली दिसत्यात," तो म्हणाला. "अडाणी असती तर एक कवाच बाजूला झालं असतं."

ती खळखळून हसली. "आणि दोन्ही गाड्या रिकाम्या असल्या तर?"

"मग कसली घाई? थांबायचं... आन् बोलत बसायचं." त्याने तिच्याकडे पाहिलं. "आत्ता आपुन रिकामंच हाव की."

काकवी बोटावर ओघळली, तिला कळलंसुद्धा नाही.

ही रीत रोबोटांना शिकवता शिकवता शनिवार उजाडला. साहेब आले. भरलेला ढवळ्या गल्लीकडे निघाला आणि समोरून येणारा रिकामा पवळ्या गल्लीच्या तोंडाशी शहाण्यासारखा थांबला. ढवळ्या गेला, मग पवळ्या शिरला. साहेबांनी भुवई उंचावली आणि एक खोडी काढली. त्यांनी दोघांवरही खोकी लादली आणि मुद्दाम गल्लीच्या आतच दोघांना समोरासमोर उभं केलं.

अनुपमाची नोकरीतली सगळी पत त्या दोन ठोकळ्यांवर होती. एक क्षण... दोन... आणि पवळ्या मागे सरला, त्याला जवळ असलेल्या कोनाड्यात शिरला. ढवळ्या दिमाखात निघून गेला. टाळ्यांनी गोदाम दणाणलं.

"कुठल्या संशोधनात वाचलंत हे?" साहेबांनी विचारलं.

"पाटाकडेच्या रस्त्यावर, सर," ती म्हणाली. तिचा प्रोग्राम राहिला, एवढंच नाही, आणखी दोन गोदामांत तोच लावायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी तिने नकाशाला विचारलं नाही. स्कूटी पाटाकडेनेच घातली. समोरून रिकामा ट्रॅक्टर आला.

"मागं घ्या," अनुपमा म्हणाली.

"आं? स्कूटीसाठी ट्रॅक्टर मागं?"

"माझी गाडी भरलीय. चार किलो पेढे आहेत."

"त्ये हलकं हाय, म्याडम."

"आणि तुम्हाला एक सांगायचंय... ते फार जड आहे हो. पंधरा दिवस वागवतेय मी."

सत्यजीतचं हसू विरलं. त्याने गिअर टाकला. ट्रॉली मागे घेणं म्हणजे अवघड काम, पण गड्याने साठ पावलं पाटाच्या काठावरून सरळ सुतात मागे घेतली. ऊसतोडीच्या बाया कोयते थांबवून बघत राहिल्या.

मोरीवर तो खाली उतरला. "आता सांगा. काय जड व्हतं?"

"तुम्ही," ती म्हणाली. "मला आवडता तुम्ही. खूप."

तो लाल झाला. "मी रोज हितनं उगाच दोन फेऱ्या जास्तीच्या मारतोय. आबा इचारत्यात, डिझेल जातंय कुठं. त्यांना काय सांगू... अनुपमा?"

'म्याडम' गेलं होतं. तिने पेढा त्याच्या तोंडात घातला. "सांग, मागणी घालायला पाबळला निघालंय."

मागून भोंगा वाजला. उसाने भरलेला दुसरा ट्रॅक्टर आला होता. रीत ती रीत! दोघे एकदम बाजूला सरले, एकाच बाजूला, आणि हात धरून त्याला वाट देत उभे राहिले.