पवनचक्कीचं शेवटचं तिकीट

आधी वारा आत शिरला की आधी तो? नंतर तिने कितीदा आठवून पाहिलं, पण छातीठोकपणे काही सांगता येईना. एवढं खरं, की पोस्टाचं दार उघडलं, काउंटरवरचे कागद भुर्रकन उडाले आणि त्याच सकाळी आलेलं नवंकोरं तिकीट तिच्या बोटांतून निसटून थेट त्याच्या बाहीवर जाऊन बसलं.

"हे… तुमचं?" त्याने विचारलं.

"सरकारचं," ती म्हणाली. "द्या इकडे."

तिकिटावर हिरवी टेकडी, टेकडीवर तीन पांढऱ्या पवनचक्क्या आणि खाली बारीक अक्षरांत 'पवनऊर्जा'. तो बघतच राहिला. "अहो, ही तर आमची टेकडी! मधल्या पवनचक्कीत मी रोज चढतो."

"मग चित्रात कुठे दिसत नाही तुम्ही?"

"आत असतो ना – तेल-ग्रीस करत." आणि तो असा काही हसला, की तिला उगाचच तिकिटं भिजवायचा ओला स्पंज सरळ करावासा वाटला. "एक द्या."

"एकच?"

"एकच. लागलं तर परत येईन की."

आणि तो येतच राहिला. केस विस्कटलेले, नखांत थोडं काळं, आणि मागणी एकच – 'एकच'. मग पाकिटावर ते तिकीट इतक्या सावकाश चिकटवायचा, की मागची रांग चुळबुळायला लागायची. तिला मात्र घाई नसायची.

"पाती फिरताना आवाज कसा येतो हो?" तिने एकदा विचारलं.

"झोपलेलं बाळ श्वास घेतं ना… तसा. लांबून."

त्या संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढता काढता ती टेकडीकडे बघत उभी राहिली. कानावर काही आलं, की नुसतं वाटलं, कुणास ठाऊक. खालून आई ओरडली, "अगं, कपडे काढायला गेलीस की विणायला?"

पार्सलच्या खिडकीवरच्या मावशी तर सुटल्याच होत्या. तो दारात दिसला रे दिसला, की म्हणायच्या, "आला गं तुझा वारा!"

"मावशी, काहीतरीच काय!"

पण एक पंचाईत होती. अशी खास तिकिटं पुन्हा छापत नाहीत. एकदा संपली, की संपली. आणि साधं तिकीट त्याला टेकडीच्या पायथ्याच्या दुकानातही मिळत होतं. त्यासाठी कोण कशाला एवढ्या लांब येतंय? गठ्ठा पातळ होत चालला, तसतसा तिचा जीव खालीवर व्हायला लागला. शेवटी आजवर कधी केलं नव्हतं ते तिने केलं. शेवटची शीट ड्रॉवरमध्ये फूटपट्टीखाली सरकवली आणि विचारेल त्याला निर्विकार चेहऱ्याने सांगायला लागली, "संपली."

तिकिटं जमवणाऱ्या आजोबांनाही तिने तेच सांगितलं. पण आजोबा चिवट. आज परत आले.

"एखादं तरी बघ गं पोरी."

"एकही नाही हो आजोबा. खरंच."

तेवढ्यात दार उघडलं. कागद फडफडले.

"एक –" तो म्हणाला.

आणि तिच्या हाताने कुणालाही न विचारता ड्रॉवर उघडला, शीट काढली, भोकांच्या रेषेवरून एक तिकीट अलगद फाडलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

मावशींचा चिकटपट्टी ओढणारा हात तसाच थांबला. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. "संपली ना गं?"

ती कानापर्यंत लाल झाली. आता हे आत साहेबांकडे जाणार, आणि मग आपली काही धडगत नाही! पण आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. "उरलेली सगळी इकडे दे. दंड समज. डोळे शाबूत आहेत हो अजून आमचे!"

पैसे मोजून, शीट छातीशी धरून ते गेले. मावशींना अचानक आतल्या खोलीत काम आठवलं.

"माझ्यासाठी… ठेवली होतीत?" त्याने हळूच विचारलं.

"हो." आता लपवायला उरलंच काय होतं! "संपली असती तर तुम्ही आला नसता. आणि मला… तुम्ही यायला हवे होतात."

तो हातातलं तिकीट फिरवत राहिला. "पत्रं कुणाला लिहितो, कधी विचारलं नाहीत."

"भीती वाटायची."

"आईला लिहितो. परवा फोनवर म्हणाली, 'रोज बोलतोस, वर पत्रंही पाठवतोस… कोण आहे रे त्या पोस्टात?'"

"मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, तिच्याशी बोलायचं धाडस झालं, की सांगतो."

तिला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. दोन्ही एकदम. "आता तिकिटं खरंच संपली."

"बरं झालं. उद्या नुसताच येतो. चालेल?"

"पाचनंतर या," ती म्हणाली. "तेव्हा मी खिडकीच्या आत नसते… त्या बाजूला असते. तुमच्या."