पाखरांनी वळून जावं म्हणून

थाड्‌ असा आवाज झाला आणि तिच्या पायाशी काहीतरी पडलं.

खांद्यावरची रंगांची पिशवी सावरत ती तळ्याकाठच्या पायवाटेनं येत होती. नव्या ग्रंथालयातल्या मुलांच्या खोलीची भिंत रंगवायचं काम तिला मिळालं होतं, आणि आज कामाचा पहिला दिवस. तिनं खाली पाहिलं तर — मूठभर पाखरू. पिवळसर छाती, मिटलेले डोळे, चोच अर्धवट उघडी.

पिशवी तिथंच टाकून ती गुडघ्यांवर बसली आणि पाखराला ओंजळीत घेतलं. छातीत अजून धडधड होती... पण इतकी बारीक, की आपल्याच बोटांतली नाडी लागत असावी असं वाटावं.

"अरेरे, डाग पडला!" मागून कोणीतरी म्हणालं.

तिनं मान वळवली. बाह्या दुमडलेला एक उंच तरुण खिशातून रुमाल काढून समोरची काच पुसत होता. तळ्याच्या बाजूची ग्रंथालयाची सबंध भिंतच काचेची होती.

"डाग?" ती उसळली. "तुम्हाला काय दिसलं, तर डाग?"

तो वळला. तिच्या ओंजळीकडे लक्ष गेलं, आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"मला वाटलं... कोणी चेंडू मारला."

"चेंडूला पंख असतात का हो?"

तो तिच्याशेजारी उकिडवा बसला. दोघंही श्वास रोखून बघत राहिले. तिच्या बोटांवर त्याची नजर अशी खिळली होती, की तिला उगाचच बोटांची लाज वाटली — नखांत कालचा निळा रंग तसाच होता. मग पाखरानं एक डोळा उघडला. दुसरा उघडला. तिच्या अंगठ्यावर नख्या रोवून ते क्षणभर बसलं, आणि भुर्रकन तळ्यापलीकडच्या झाडांत नाहीसं झालं.

"गेलं!" तो लहान पोरासारखा हसला.

हसू छान होतं. पण तिचा राग अजून नाकावरच होता.

"तुम्ही कोण?"

"आर्किटेक्ट. ही इमारत माझी... म्हणजे, मी आखलेली."

"मग इकडे या." तिनं त्याला काचेसमोर उभं केलं. "काय दिसतंय?"

"आभाळ," तो म्हणाला. "झाडं." आणि मग आवाज खाली आला. "...खोटी."

"पाखराला खरं-खोटं कळत नाही. ते सरळ येतं. थंडीचे पाहुणे पक्षी आत्ता कुठं तळ्यावर उतरायला लागलेत, अजून थवेच्या थवे यायचेत. मला या काचेवर काढू द्या. पांढऱ्या उभ्या रेघा, जवळजवळ, तळ्यातल्या लव्हाळ्यासारख्या. वाटेत काही आडवं आहे हे दिसलं, की पाखरं वळतात."

"नाही." तो एकदम ताठ झाला. "काचेवर ठिपकासुद्धा नको. वाचणारा माणूस आणि तळं यांच्यामध्ये काहीही येऊ नये, या एका गोष्टीसाठी मी या इमारतीत जीव ओतलाय."

"मग पाखरांचे जीव घ्यायला तुमची हरकत नाही तर!"

तो काही बोलायच्या आत तिनं पिशवी उचलली आणि ती तरातरा आत निघून गेली.

घरी तिच्या आत्यानं सगळं ऐकून घेतलं. आत्या निवृत्त नर्स. भाचीच्या चेहऱ्यावरून ताप ओळखायची तिची सवय जुनी होती.

"दिसायला कसा आहे?" तिनं विचारलं.

"आत्या! मी पाखराचं सांगतेय."

"मीही पाखराचंच विचारतेय," आत्या म्हणाली आणि चष्मा पुसत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन तिनं कडेची एक काच बाहेरून रंगवायला घेतली. परवानगी नव्हती. लव्हाळ्याची प्रत्येक काडी ओढण्याआधी ती डोळे मिटून थांबायची, मग एका श्वासात खालून वर रेघ न्यायची. अर्ध्याहून जास्त काच भरली होती, तेवढ्यात मागे पावलं वाजली.

"हे पुसा," तो म्हणाला.

"तुमची काच आहे. तुम्हीच पुसा."

त्याला वाटलं नव्हतं ती असं म्हणेल. तो बादली आणि फडकं घेऊन आला. ती हाताची घडी घालून बाजूला उभी राहिली आणि तो एकेक काडी पुसत असताना बघत राहिली. एकदा त्यानं मान वळवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तो थबकला... पण फडकं थांबलं नाही.

पुढचे दोन दिवस दोघांच्या तोंडाला कुलूप. ती मुलांच्या खोलीत रंग लावत होती, तो पलीकडे सुतारांवर उगाच खेकसत होता. जाता-येता नजरा भिडायच्या आणि चटका बसल्यासारख्या बाजूला व्हायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो मुलांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हातात रुमाल होता, काहीतरी गुंडाळलेला.

"मी पुसलेल्या काचेखाली," एवढंच तो बोलू शकला.

तिनं रुमाल उघडला. या वेळी धडधड नव्हती. एक नव्हे, दोन पाखरं होती; एकमेकांना चिकटलेली.

तिला खूप बोलायचं होतं. सगळे शब्द तयार होते, धार लावून ठेवलेले. पण तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल होते.

"माझी आई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होती," तो म्हणाला. "खोलीला खिडकी होती, पण समोर शेजारच्या घराची भिंत. ती म्हणायची, थोडं पाणी दिसलं असतं तर बरं वाटलं असतं. म्हणून ही काच... मला कोणाचा जीव घ्यायचा नव्हता हो."

तिनं रुमाल हलकेच मिटला. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. खरं तर तिला ते आत्ताच कळलं होतं.

दोघांनी मिळून तळ्याकाठी माती उकरली. त्यानंतर त्यानं हात धुतले, बाह्या वर केल्या आणि विचारलं, "मला एक ब्रश मिळेल?"

मग काम सुरू झालं. उद्घाटन तोंडावर आलं होतं आणि भिंत मोठी. तो फूटपट्टी घेऊन अंतरं आखायचा, ती हसायची.

"लव्हाळं काय रांगेत कवायत करत उभं राहतं? ती काडी जरा वाकू द्या."

"किती वाकू देऊ, वकीलबाई?"

"वकीलबाई?"

"पाखरांच्या. फी घेत नाही, पण समोरच्याचा पार निकाल लावता."

"आणि तुम्ही काचवाले. बाहेरून कडक, आणि..."

"आणि?"

"आणि... रंग सांडताय. ब्रश सरळ धरा."

तिनं त्याचा हात धरून ब्रश सरळ केला. सोडायला हवा होता तेव्हा सोडला नाही. तळ्यावरून गार वारा येत होता, आणि त्याच्या मनगटावर रंगाचा एक थेंब वाळत होता... तिनं घाईघाईनं मान फिरवली.

"एक विचारू?" थोड्या वेळानं तो म्हणाला. "प्रत्येक काडीआधी तुम्ही डोळे मिटता. का?"

ती जराशी लाजली. असं तिला कोणी विचारलं नव्हतं.

"मी कधी कुठं हात जोडायला जात नाही. माझं जे काय आहे ते इथं... या रेघेत. डोळे मिटून मी एका पाखराला आठवते. म्हणते, बाबा रे, सुखरूप जा. मग रेघ ओढते. माझी बाकीची चित्रं लोक थांबून बघतात. या चित्राचं उलटं आहे. जो याच्यासाठी येईल, त्यानं थांबायचंच नाही. वळून जायचं. तो वळला, की समजायचं आपलं म्हणणं कोणीतरी ऐकलं."

मग त्यानं डोळे मिटले, आणि त्याची पुढची काडी फूटपट्टीवाचून, अलगद वाकत वर गेली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ग्रंथालयाचे अध्यक्ष पाहणीला आले आणि त्यांचा पारा चढला.

"हे काय गवत उगवलंय? पाहुण्यांच्या फोटोत मागं तळं दिसायला हवं! मी सगळ्यांना काय सांगितलंय? काचेची भिंत! नुसतं तळं!"

आर्किटेक्टनं समजावलं. पाखरांचं सांगितलं, त्या दोन पाखरांचंही सांगितलं. अध्यक्ष ऐकेनात. इमारतीचा ताबा अजून त्यांनी घेतला नव्हता. काच अशीच राहिली तर घेणारच नाही म्हणाले. शेवटी तो दमून म्हणाला, "ठीक आहे. मंचामागची मधली काच तेवढी पुसतो."

ती जिन्यावर उभी राहून हे ऐकत होती. अध्यक्ष गेल्यावर ती खाली आली.

"तेवढी?"

"एका सकाळचा प्रश्न आहे. कार्यक्रम झाला की लगेच पुन्हा काढू, मी शब्द देतो."

"पाखरांची हीच वेळ असते! कडेनं सगळीकडे लव्हाळं आणि मधे मोकळं आभाळ... तुम्ही त्यांच्यासाठी दारच उघडताय. सगळी त्याच काचेवर येतील."

"मग मी काय करू? तुम्हीच सांगा ना!"

"मी कोण सांगणारी?" ती ब्रश गोळा करू लागली. "मुलांच्या खोलीतली माझी भिंत झालीय. उद्या मी येणार नाही."

"थांबा... ऐका तरी..."

ती थांबली नाही.

सकाळी आत्या नवी साडी नेसून तयार झाली. "मला आमंत्रण आहे. मी जाणार. तू बस रुसून."

"मी रुसले नाहीये."

"बरं, मग चल."

"नाही."

आत्या गेली. ती खिडकीशी बसली, उठली, पुन्हा बसली. ऊन वर येत होतं. या वेळी थवे पलीकडच्या झाडांतून उठतात. पायांत चपला कशाबशा सरकवून ती पळत सुटली.

तळ्याकाठी पोचली तेव्हा धाप लागली होती. आत मोठ्या दालनात खुर्च्या भरल्या होत्या, ध्वनिक्षेपकावरून अध्यक्षांचं भाषण बाहेर ऐकू येत होतं. मंचावरची एक खुर्ची रिकामी होती. आणि बाहेर, मधल्या काचेसमोर, एका स्टुलावर तो उभा होता. नवी कपाटं झाकायला आणलेली पांढरी चादर त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरली होती. चादर मोठी होती, त्याचे हात अपुरे होते. एक बाजू लोंबत होती, आणि तिथून अर्धी काच लखलखत होती.

"हे काय करताय?"

"दिसतंय ना काय करतोय!" त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "फोटोसाठी काच साफ हवी होती. ती साफ आहे. झाकायची नाही असं कोणी म्हणालं नव्हतं. बोलू नका, ते टोक धरा!"

तिनं दुसरं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि लोंबणारं टोक वर खेचलं. चादर ताठ झाली.

"आले," तो हळूच म्हणाला.

तिनं मान वळवून पाहिलं. झाडांमागून एक काळसर ढग उठला होता, लवत, वळत, पाण्यावरून सरळ त्यांच्याकडे येत. वाऱ्यानं चादर फुगली. तिचे दंड भरून आले. टोक बोटांतून निसटतंय असं वाटलं, आणि तेवढ्यात त्यानं एक हात लांबवून चादरीसकट तिचं मनगट घट्ट धरलं. ढग मोठा होत गेला. आता एकेक पाखरू वेगळं दिसत होतं. तिला डोळे मिटावेसे वाटले, पण मिटता येईनात. 'वळा,' ती मनात म्हणाली, 'वळा रे बाबांनो, वळा...'

अगदी जवळ, हात लावावा इतक्या जवळ येऊन थवा दुभंगला. पंखांचा वारा तिच्या मानेवरून, केसांतून गेला. अर्धी पाखरं डावीकडे, अर्धी उजवीकडे, आणि छपरावरून पलीकडे जाऊन पुन्हा एक झाली.

थाड्‌ असा आवाज झाला नाही. एकदाही नाही.

ती हसत होती की रडत होती, तिलाच कळेना.

"आता हात खाली घ्या," ती म्हणाली. "दुखत असतील."

"नको. हात मोकळे झाले की माझा धीर जाईल. मला बोलायचंय." "काल तुम्ही गेलात आणि मी ती काच पुसली. एवढं रिकामं मला आईनंतर कधी वाटलं नव्हतं. तुमचं बरोबर होतं म्हणून नव्हे हो. तुम्ही... तुम्ही नव्हतात म्हणून. मला रोज तुमच्याशी भांडायचंय. रोज तुमच्या नखांतला रंग बघायचाय. तुमची हरकत नसेल तर... म्हणजे तुम्हाला जर..."

"तुम्ही, तुम्ही!" ती पुटपुटली. "असंच चाललं तर आतलं भाषण आधी संपेल."

तो क्षणभर गोंधळला. मग त्याचे कान लाल झाले.

"तू," तो म्हणाला. फक्त तेवढंच.

"हं," ती म्हणाली. "आता बरोबर." आणि चादरीवरून हात सरकवत तिनं त्याची बोटं आपल्या बोटांत गुंफली. तो तिच्याकडे झुकला, तीही जराशी झुकली, स्टुलं करकरली...

आत अचानक हशा पिकला. मग टाळ्या. ध्वनिक्षेपकावर अध्यक्ष "काय झालं? काय झालं?" असं विचारत होते.

दोघं दचकून मागं सरली. पाठीशी लख्ख ऊन होतं, समोर पांढरी चादर. मंचामागच्या त्या भल्यामोठ्या काचेत, भरल्या सभेला दोघांच्या सावल्या नाकाडोळ्यांसकट दिसत होत्या.

"आई गं!" ती म्हणाली. "चादर सोडू?"

"मुळीच नाही," तो हसला. "अजून एक थवा यायचाय."

दार उघडून आत्या बाहेर आली. तिच्या मागं अध्यक्ष होते, घाम पुसत. ते दोघांकडे बघत राहिले, छपरापलीकडे चाललेल्या थव्याकडे बघत राहिले, आणि त्यांना काय बोलावं ते सुचेना.

आत्याला सुचलं. "साहेब," ती म्हणाली, "त्यांना रंग आणि ब्रश द्या आता. नाहीतर या सावल्या बघायला तुमचं ग्रंथालय रोज असंच भरेल, आणि पुस्तक कोणी उघडणार नाही."

अध्यक्षांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग चादरीकडे. "द्या," ते कसेबसे म्हणाले. "पण काड्या जरा... नाजूक काढा."

"त्या नाजूकच असतात," आर्किटेक्ट म्हणाला, आणि हात सोडवून न घेताच तिला विचारलं, "कुठून सुरू करूया, तू सांग."